आठ दिवस तिचे, आठ दिवस त्यांचे

मी निघाले तेव्हा शहागडच्या फाट्यावर, दाजींच्या हॉटेलासमोर, आमचं सगळं घर रस्त्याच्या कडेला उभं होतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. संभाजीनगरकडे जाणारी गाडी त्यांच्या दारातच थांबायची, म्हणून कुंभार पिंपळगावहून आई आणि अण्णा मला घेऊन तिथं आले होते. अण्णा येणाऱ्या प्रत्येक गाडीची पाटी मोठ्यानं वाचत होते, जसं काही अमेरिकेत शिकायला निघालेल्या पोरीला अक्षरओळखच नव्हती. आई दर थोड्या वेळाने माझ्या बॅगेची चेन उघडायची, आत हात घालून काहीतरी चाचपायची आणि परत लावायची. दाजी कढईपाशी. मेहुणी परदेशी चाललीय आणि आपल्या दारातून रिकाम्या पोटी जाणार, हे त्यांना काही केल्या पटेना.

चहा पीत बसलेल्या एका ट्रकवाल्याने विचारलं, "कुठं चालली लेक?"

"अमेरिकेला," अण्णा म्हणाले. "उंदरावर अभ्यास करायला."

"उंदीर? त्याच्यासाठी तिकडं कामून धाडता? माह्या गाडीत लई हायेत."

सगळे हसले, अण्णा सर्वांत मोठ्यानं. त्यांची सगळी नोकरी जालन्याच्या एमआयडीसीत, बियाण्याच्या गोदामात गेली होती. पोत्यांची राखण आणि उंदरांचा बंदोबस्त, हेच त्यांचं काम. पिंजरे लावायचे, भोकं बुजवायची, विषाच्या गोळ्या कोपऱ्याकोपऱ्यात ठेवायच्या. "म्या जल्मभर ज्याला मारलं, त्याला तू पाळायला चालली," हे वाक्य ते मला महिनाभर ऐकवत होते आणि दर वेळी स्वतःवरच खूश होत होते.

गाडी आली तेव्हा आक्काने मिठीबिठी मारली नाही. पाठीला हात लावून मला पायरीवर ढकललं. "चढ जल्दी. न्हाईतर हे अजून एक घाणा काढतेत." खिडकीतून शेवटचं दिसलं ते दाजींचं धावणं. भज्यांचा पुडा एका हातात, झारा दुसऱ्या हातात, आणि झाऱ्यातलं तेल रस्त्यावर ठिबकतंय. मला हसू आवरेना. तेव्हा आमच्या घरात कुणालाही काहीही झालेलं नव्हतं, निदान आम्हाला तसंच वाटत होतं.

आता मी सेंट लुईसमध्ये राहते. मोठी नदी आहे, मक्याची शेतं आहेत, आणि हिवाळा असा असतो की पहिल्या वर्षी मी खिडकीपाशी उभी राहून नुसती घाबरत होते. माझ्यासारखे गाव सोडून आलेले जे कुणी हे वाचतील, त्यांना पुढचं सांगायला नको. तळघरातल्या लाँड्रीत बसून कपड्यांची वाट पाहणं, ग्रोसरीच्या दुकानात कोथिंबिरीची जुडी नाकाला लावून उभं राहणं, आणि आपलं नाव तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी मोडून ऐकणं, हे सगळं तुम्हीही केलेलं असणार. जे मागे राहिले त्यांना मात्र माझं काम जरा समजावून सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही.

साध्या उंदराला एचआयव्ही होत नाही. तो विषाणू माणसाच्याच पेशी ओळखतो. म्हणून आम्ही मुळातच प्रतिकारशक्ती नसलेली उंदरांची पिल्लं घेतो आणि जन्मल्यावर लगेच त्यांना माणसाच्या रक्ताच्या मूळपेशी टोचतो. बाळंतपणानंतर नाळेत जे रक्त उरतं, ते आईबापांच्या परवानगीने मिळतं, त्यातल्या या पेशी. काही महिन्यांत त्या पिल्लांच्या अंगात माणसाच्या पांढऱ्या पेशी फिरायला लागतात. असे उंदीर तयार झाले की इंग्रजीत त्यांना ह्युमनाइज्ड म्हणतात. मराठीत काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही. माणसाळलेले म्हणावं तर ते चावतात.

मग त्यांना विषाणू द्यायचा आणि ठरलेल्या अंतराने गालातून रक्ताचा थेंब काढायचा. त्या थेंबातल्या विषाणूंची जनुकं मशीनवर वाचायची, आधीच्या थेंबाशी ताडून पाहायची, कुठलं अक्षर बदललं ते शोधायचं. हा विषाणू स्वतःच्या नकला फार घाईने काढतो आणि फार चुका करतो. बहुतेक चुकांनी त्याचंच नुकसान होतं. पण एखादी चूक अशी निघते की औषध असूनही तो तग धरतो, आणि थोड्याच दिवसांत सगळीकडे त्याचीच पिलावळ दिसते. जी उत्क्रांती एरवी हजारो वर्षांच्या गोष्टीत वाचायची, ती मी एका पिंजऱ्यात, एका ऋतूत पाहते. खरं सांगायचं तर मला त्याचं फार वेड होतं.

आईला फोनवर हे सगळं सांगितल्यावर तिने एकच विचारलं होतं. "त्याच्यात माणसाचं रक्त हाय म्हंती, मंग त्याला मारता कसं?" मी विषय बदलला होता. अण्णांना मात्र पिंजऱ्यांच्या गोष्टी आवडायच्या. उंदरांची हवा गाळून येते, दाणा निर्जंतुक करून येतो, त्यांच्या खोलीत शिरताना मी डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली असते, हे ऐकून ते म्हणायचे, "आमच्या गोदामात असं जपलं असतं तर उंदरांनी मालकालाच हाकलून दिलं असतं."

पुढची गोष्ट लिहायला मी आक्काची परवानगी घेतली आहे. ती म्हणाली, "लिही, पण आमचं गाव बदल." तेव्हा हॉटेल शहागडला आहे असं मी लिहिलं असलं तरी ते तिथंच असेल असं समजू नका. हायवेवर अशी हॉटेलं पुष्कळ आहेत आणि अशा आक्काही.

मला इथं येऊन काही वर्षं झाली होती तेव्हा आक्काची गर्भपिशवी काढायची ठरली. ऑपरेशनआधी सगळ्या तपासण्या होतात, त्यात रक्ताचीही झाली. तिचा फोन आला तेव्हा माझी संध्याकाळ होती, तिची सकाळ. बराच वेळ ती भाव काय, पाऊस काय, आईचा गुडघा काय, असंच बोलत राहिली. मग म्हणाली, "ज्योते, तू ज्या रोगाचे उंदीर पाळती ना, तो मला निघाला."

त्या क्षणी मला शास्त्र आठवलं नाही. झाऱ्यातून ठिबकणारं तेल आठवलं. मग मात्र मी शास्त्राचीच कास धरली, कारण माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. मी तिला सांगितलं की हा आता मरणाचा रोग राहिलेला नाही. जालन्याच्या सरकारी केंद्रात गोळी फुकट मिळते, रोज एक घ्यायची, एकही चुकवायची नाही, मग तू म्हातारी होऊन, सुनांशी भांडून मरशील. ती रडता रडता हसली. मी जे सांगितलं ते खोटं नव्हतं. शब्दन् शब्द खरा होता, आणि आजही आहे.

कुणाकडून कुणाला झाला, हे मी विचारलं नाही. दोघांच्या विषाणूंची जनुकं शेजारी ठेवली तर काही वेळा त्याचा अंदाज बांधता येतो, आणि तो बांधायला मीच शिकलेली आहे. पण माझ्या बहिणीच्या आणि दाजींच्या रक्तात डोकावून तेवढंच शोधायचं असेल तर ती विद्या मला नको. आक्कानेही कधी तो विषय काढला नाही. लग्नाच्या आधी, लग्नानंतर, एखाद्या दवाखान्यातल्या सुईने, कशानेही झालं असेल. झालं.

दाजींनी तपासणी केली ती संभाजीनगरला, खाजगीत, दुसऱ्याच नावाने. त्यांचीही तशीच निघाली. आता दोघांनी मिळून केंद्रात जायचं, दोघांनी आपापली गोळी आणायची, इतकं ते सोपं होतं. आक्का गेली. दाजी गेले नाहीत. केंद्रात नाव गुप्त ठेवतात, हे मी त्यांना सांगितलं, आक्काने सांगितलं, तिथल्या समुपदेशक बाईंनी आक्काबरोबर निरोप धाडला. पण केंद्राबाहेर बाकडं असतं आणि बाकड्यावर माणसं असतात. हायवेवर हॉटेल चालवणाऱ्या माणसाला कुठंही बसवा, त्याला ओळखणारा कुणीतरी निघतोच. आणि एकदा कळलं की त्याच्या हातची भजी कोण खाणार? भज्यांतून हा रोग होत नाही, हे तुम्हाला माहीत आहे आणि मला माहीत आहे. पण शेजारच्या गावात एका बाईच्या हातचं पाणीसुद्धा लोकांनी सोडलं होतं, हे दाजींनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांना भित्रं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता वाटणीची गोष्ट. दाजींच्या आणि त्यांच्या भावाच्या शेतात एकच विहीर आहे, बापाच्या वेळची. तिचं पाणी आठ दिवस दाजींचं, आठ दिवस भावाचं. उन्हाळ्यात बुडाशी डबकं उरलं तरी हा शब्द कुणी मोडलेला नाही. तिकडच्या भावकीत बांधावरून डोकी फुटलेली मी पाहिली आहेत, पण या दोन घरांत कधी मोठा आवाज झाला नाही, तो या पाण्याच्या वाटणीमुळेच. आक्का त्या घरात नांदायला आली आणि तिनेही ते उचललं. जे थोडं आहे ते आळीपाळीने घ्यायचं, म्हणजे कुणाचं तोंड कडू होत नाही.

मी एकदा ग्रोसरीच्या दुकानात टोमॅटो निवडत असताना तिचा व्हिडिओ कॉल आला. ती शेतात होती, मागे मोटर चालल्याचा आवाज येत होता. मी नेहमीसारखं विचारलं, "गोळी घेतली का?"

"माझे आठ दिवस झाले," ती म्हणाली. "आता त्यांचे चालू हायेत."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती इतक्या साधेपणाने बोलली होती की जणू मोटर कुणी चालू केली तेच सांगत होती. तिने केंद्रातून आणलेली एक बाटली, आणि त्यात दोघांचा संसार. आठ दिवस ती घेणार, आठ दिवस दाजी. हे कितीतरी महिने चाललं होतं.

मी त्या दुकानात मराठीतून ओरडायला लागले. एक म्हातारी गोरी बाई ट्रॉली थांबवून मला विचारायला लागली की मी ठीक आहे का. मी तिच्याकडे बघून मान हलवली आणि परत ओरडले. "आक्का, पाणी वाटता येतं. ही गोळी न्हाई वाटता येत."

"कामून? आर्धं पाणी भेटलं तरी पीक येतंच की. जरा कमी येतं."

"तो रोग पीक न्हाई, आक्का. आठ दिवस गोळी बंद झाली की तो वर येतो, अन् परत चालू केली की तिच्याशी झुंजायला शिकतो. असं चाललं तर एक दिवस ती गोळी कुणालाच लागू पडणार न्हाई. तुलाबी न्हाई अन् दाजींनाबी न्हाई."

"तुला कसं कळलं?"

मी उंदरांचं सांगितलं. आमच्या प्रयोगात काही पिंजऱ्यांना औषध रोज मिळतं, काहींना अजिबात नाही, आणि काहींना मधूनमधून. जगभर माणसं औषधं विसरतात, संपवतात, लपवतात, म्हणून तो मधूनमधूनचा गट आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा. औषध रोज असेल तर विषाणूच्या नकलाच थांबतात, त्याला शिकायला वाव राहत नाही. औषध नसेलच तर त्याला शिकायची गरज नाही. पण आज आहे आणि उद्या नाही, असं झालं की तो शिकतो. त्या गटाच्या दाण्यात औषध कधी घालायचं आणि कधी बंद करायचं, हे माझ्या हातात होतं.

आक्काने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू उंदरांना देती, अन् मी नवऱ्याला दिऊ नको?"

मी म्हणाले, त्यांना केंद्रात घेऊन जा, त्यांची गोळी वेगळी मिळेल. ती म्हणाली, पाया पडले त्यांच्या, न्हाई येत. मी म्हणाले, मग तू तुझी तरी पूर्ण घे. तिने आईचं बोलणं काढलं. आमच्या आईने आम्हा दोघींना लहानपणापासून एकच शिकवलं होतं, घरात आलेली वस्तू एकटीने तोंडात घालायची न्हाई. पेरू असो, गुळाचा खडा असो, दोन भाग झाल्याशिवाय तो खायचा नाही. आक्का म्हणाली, "त्यांच्यासमोर बसून मी एकटी बरी होऊ? हे माझ्यानं बिलकुल व्हायचं न्हाई, ज्योते."

तिच्यावर मला इतका राग आला होता की मी आठवडाभर तिला फोन केला नाही. मग परत केला, कारण राग धरून करणार काय? अण्णांना सांगू? आक्काने माझ्या गळ्याची शपथ घातली होती, आणि सांगितलं असतं तरी ते आतून खचले असते, दुसरं काय? इथून गोळ्या धाडू? तसं करता येत नाही, आणि डॉक्टरने पाहिल्याशिवाय देऊही नयेत. केंद्राला कळवू? त्यांनी आक्काला रागावलं असतं, ती भ्यायली असती आणि कदाचित जाणंच सोडलं असतं. मी बीडचं केंद्र सुचवलं, पुण्याचं सुचवलं. दाजींचं म्हणणं, बीडचेही ट्रक इथंच थांबतात आणि पुण्याचेही. मी रोज एक नवीन उपाय शोधायचे आणि रोज तो हायवेवर येऊन थांबायचा.

त्याच सुमारास लॅबमध्ये आमच्या मधूनमधूनच्या गटाचे निकाल आले. अपेक्षा होती तसंच झालं होतं. एका ठरलेल्या जागी एक अक्षर बदललेलं, पहिल्या थेंबात ते दिसतही नव्हतं, मग थोडं दिसलं, मग सगळं तेच. मी मीटिंगमध्ये आलेख दाखवला. जुन्या विषाणूची रेघ खाली उतरत जाते, बदललेल्याची तिला छेदून वर चढते. आमच्या लॅबच्या प्रमुख बाई फार चांगल्या आहेत, मला लेकीसारखं वागवतात. त्या पुढे वाकून म्हणाल्या, "ब्यूटिफुल." आणि आलेख खरंच सुरेख होता. मी थँक्यू म्हणाले, बाथरूममध्ये गेले आणि तोंडावर पाणी मारून परत आले. दुपारी त्याच गटाचा दाणा बदलायचा दिवस होता. तो मी बदलला.

त्या हिवाळ्यात मी रजा काढून घरी गेले. खरं कारण आईअण्णांना सांगितलं नव्हतं. गेल्या गेल्या आई म्हणाली, "तुह्या दाजींना बोल जरा. हॉटेलापायी लई राबतेत, कसे वाळलेत बघ." ते वाळले होतेच. शर्टाच्या कॉलरमध्ये मान हरवली होती आणि मधूनच खोकत होते, कढईकडे पाठ करून, हाताने तोंड झाकून. गिऱ्हाईकाशी तेच हसणं, मला बघून तोच आनंद. "या मेव्हणीबाई! बसा, घाणा गरमच हाय."

दुपारी गर्दी ओसरली तेव्हा मी त्यांना मागच्या बाजूला बोलावलं. आक्का आत कांदे चिरत होती आणि चिरता चिरता थांबली होती, हे मला ऐकू येत होतं.

"दाजी, जालन्याला चला. मी येते संगं. गाडी करू, तोंडाला रुमाल बांधा. एकदा नाव लागलं की मंग तुमची गोळी तुम्हाला, आक्काची आक्काला."

"अन् कुणी बघितलं तर?"

"कुणी न्हाई बघत."

"मेव्हणीबाई, हॉटेल म्हंजे काय असतं? लोकांचा इस्वास असतो. दुसरं काय हाय माह्याकडं? ते बंद पडलं तर मंग गोळी कशासंगं गिळू?"

मी त्यांना सगळं परत सांगितलं. विषाणू कसा शिकतो, वाटणीमुळे दोघांचंही कसं नुकसान होतंय, आक्का त्यांच्यामुळे कशी धोक्यात आहे. हे शेवटचं बोलताना माझा आवाज कडक झाला होता. मग त्यांनी विचारलं, अगदी मनापासून, टोमणा म्हणून नव्हे, "तुमच्या उंदरातला कुणी बरा झाला का?"

"बरा होत न्हाई, दाजी. पण औषध रोज दिलं तर रोग दबून राहतो. उंदीर चांगला जगतो."

"किती दिवस?"

आणि मी अडखळले. कारण त्याचं खरं उत्तर, प्रयोग संपेपर्यंत. प्रयोग संपला की आम्ही सगळ्यांनाच मारतो, बरे असलेल्यांनाही, आतून तपासायचं असतं म्हणून. माणसाचं तसं नसतं, गोळी रोज घेणारी माणसं वीस-वीस, तीस-तीस वर्षं धडधाकट जगतायत, हे सगळं मला तोंडपाठ होतं. पण त्यांनी उंदराचं विचारलं होतं. मग मी "लई दिवस" म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर गिऱ्हाईकाचं तोंड वाचलेला माणूस तो. "बराबर हाय," एवढं म्हणून ते कढईकडे गेले.

आक्का बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. कांद्याने, असं दोघीही म्हणालो. मी आणखी चार वेळा प्रयत्न केला, दर वेळी त्यांनी मला काहीतरी खायला घातलं. रजा संपली. निघताना आईने विचारलं, "बोललीस का दाजींना?" मी म्हणाले, बोलले. ती म्हणाली, मग ऐकतील तुझं, तू शिकलेली आहेस.

परत आल्यावर जे व्हायचं तेच झालं. केंद्रात आक्काच्या रक्तातला विषाणू मोजला, तो खूप वाढलेला निघाला. परत मोजला, तसाच. डॉक्टरांनी तिला समोर बसवून विचारलं, गोळ्या चुकतात का? ती म्हणाली, "इसरते कवाकवा." नवऱ्याचं नाव काढलं नाही. डॉक्टरांनी समजावलं, की पहिली गोळी आता लागू पडत नाही असं दिसतंय, औषध बदलावं लागेल, आणि हे बदललेलं औषध फार जपून घ्यायचं, कारण याच्यापुढे फारसं काही हाताशी नसतं. हे तिने मला शब्दन् शब्द सांगितलं, शाळेतली कविता म्हणून दाखवावी तसं. तो आलेख माझ्या भिंतीवर अजून लावलेला होता. मी उठून तो काढला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. त्याने काय होणार होतं?

"आक्का," मी म्हणाले, "हे तरी वाटू नको. तुह्या पाया पडते."

"न्हाई वाटत," ती म्हणाली.

काही दिवस मी त्यावर विश्वास ठेवून राहिले. विश्वास ठेवायला मलाही बरं वाटत होतं. मग एका संध्याकाळी तिच्या पाठीमागे दाजी दिसले, खोकत, पण जरा तरतरीत, आणि मला आनंद झाला. लगेच कळलं की या आनंदाचा अर्थ काय. मी आक्काकडे पाहिलं. तिने मान खाली घातली आणि उगाच पदराने मोबाइलची काच पुसली.

मी ओरडले नाही. ओरडून झालं होतं. मी बसने घरी चालले होते, बाहेर बर्फ पडत होता आणि माझ्या मांडीवर उद्याच्या दाण्याचं वेळापत्रक होतं. जगातल्या फार थोड्या माणसांना त्या दोघांच्या अंगात या घडीला काय चाललं असेल हे माझ्याइतकं नेमकं सांगता येईल. कुठल्या जागचं अक्षर बदललं असेल, पुढे कुठलं बदलेल, मग कुठली गोळी निकामी होईल. सगळं येतं मला. आणि त्यातलं एकही अक्षर मला जागच्या जागी धरून ठेवता येत नाही, कारण तिकडे एक बाई आपल्या नवऱ्यासमोर एकटीने बरी व्हायला तयार नाही.

दाजींना मी अजून दर रविवारी फोन करते. ते अजून नाही म्हणतात. एकदा म्हणाले, बघू उन्हाळ्यात, केंद्रात गर्दी कमी असते. त्या एका वाक्यावर मी महिनाभर काढला. उन्हाळा आला आणि गेला.

इथं आमची मंडळी जमली की घर म्हणजे काय यावर फार बोलणं होतं. कुणाला तिथला वास आठवतो, कुणाला अंगण, कुणी म्हणतं जिथं लेकरं वाढतात तेच घर. माझं घर मात्र आता एका प्रश्नाएवढं उरलं आहे. गोळी घेतली का, असं मी हल्ली विचारत नाही. मी विचारते, "आक्का, हे आठ दिवस कुणाचे?" ती "माझे" म्हणाली की माझ्या छातीवरचं ओझं उतरतं, आणि उतरतं न उतरतं तोच मला दाजींचा खोकला ऐकू येतो. ती "त्यांचे" म्हणाली की दाजींसाठी बरं वाटतं, आणि समोर आक्काचा चेहरा असतो. ती माझ्याकडे बघत थांबते, मी काही म्हणेन म्हणून. दोन्ही वेळा मी "बरं" म्हणते.